ऑर्डर आज, डॉलर चार महिन्यांनी

भोसरी एमआयडीसीतला एखादा मध्यम कारखाना घ्या. पंपाचे सुटे भाग बनवतो, अमेरिकेला पाठवतो. गिऱ्हाइकाने कोटेशन मागितलं त्या दिवशी डॉलर ८५ रुपयांना होता. मालकाने हिशेब मांडला. १ लाख डॉलरची ऑर्डर, म्हणजे ८५ लाख रुपये. कच्चा माल, मजुरी, वीज, पॅकिंग, जहाजाचं भाडं असं सगळं धरून खर्च ७८ लाख. हातात ७ लाख. घेऊन टाकली ऑर्डर.

आता तारखा बघा. माल तयार व्हायला दीड महिना. न्हावाशेवाहून निघून तिकडे पोचायला पाच आठवडे. माल पोचल्यावर ४५ दिवसांनी पैसे, असा करार. म्हणजे कोटेशन दिल्यापासून डॉलर खात्यात यायला चार महिने सहज जातात. तोवर डॉलर ८३ वर आला असेल तर हातात येतात ८३ लाख. खर्च तर रुपयांत होऊन गेला आहे, तो ७८ लाखच. नफा ७ लाखांवरून ५ लाखांवर. दर अडीच टक्केसुद्धा हलला नाही, नफ्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग मात्र गेला. ज्यांचा धंदा दोन-तीन टक्क्यांच्या मार्जिनवर चालतो, सूत किंवा शेतमाल पाठवणारे वगैरे, त्यांचा तेवढ्यात जवळजवळ अख्खा नफा संपतो. माल चांगला, गिऱ्हाईक चांगलं, पैसेही वेळेवर. तरी फटका बसला. परकीय चलनाची जोखीम म्हणतात ती एवढीच: भाव ठरण्याचा दिवस आणि पैसे हातात येण्याचा दिवस यांच्यामध्ये दर हलतो.

ही जोखीम बिल फाडल्यापासून सुरू होते असं पुष्कळजण धरून चालतात, कारण हिशेबाच्या वहीत ती नोंद तेव्हा येते. खरं म्हणजे ती कोटेशन दिलं त्या दिवसापासून चालू झालेली असते. कोटेशनला ६० दिवसांची मुदत दिली असेल आणि गिऱ्हाइकाने ५९व्या दिवशी 'हो' म्हटलं, तर ते दोन महिने तुम्ही त्याला जुना दर फुकटात धरून ठेवला. डॉलर तुमच्या बाजूने हलला असेल तर हाच गिऱ्हाईक भाव कमी करून मागायला फोन करतो, हा अनुभव निर्यातदारांना नवा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "रुपया काय, पडतच जाणार आहे. कव्हर (म्हणजे पुढचा दर आजच पक्का करून ठेवणं) कशाला घ्यायचं?" लांबून बघितलं तर त्यात तथ्य आहे. १९९३ च्या मार्चमध्ये सरकारने दर बाजारावर सोडला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेलेला होता. पण धंदा बत्तीस वर्षांच्या आलेखावर चालत नाही, तो चार महिन्यांच्या तुकड्यांवर चालतो. २००२ च्या मध्यात ४९ रुपयांचा डॉलर २००८ च्या सुरुवातीला ३९ वर होता. जवळजवळ सहा वर्षं रुपया एकूणात वर चढत गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ च्या वर गेलेला डॉलर २०१४ च्या मे महिन्यात ५८-५९ ला मिळत होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा ६८ च्या वर, आणि जानेवारी २०१८ मध्ये ६३ च्या घरात. या प्रत्येक टप्प्यात 'रुपया पडणारच' म्हणून स्वस्थ बसलेल्या निर्यातदाराचं नुकसान झालं आहे.

शिवाय रुपया दीर्घकाळात घसरतो त्याचं एक मोठं कारण आपल्याकडची महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहत आली हे आहे. म्हणजे डॉलरमागे जास्त रुपये मिळाले तरी तेवढ्यात मजुरी आणि वीजबिलही वाढलेलं असतं. घसरणीचा सगळा पैसा खिशात राहतो असं नाही.

फॉरवर्ड: त्या जादा पैशांचं गणित

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे फॉरवर्ड कव्हर. बँकेशी आजच करार करायचा: अमुक तारखेला मी १ लाख डॉलर देईन, तुम्ही मला अमुक दराने रुपये द्या. त्या दिवशी बाजारात डॉलर ८० ला असो की ९० ला, तुमचा दर ठरलेला.

इथे एक गोष्ट बघून लोक चक्रावतात. आजचा दर ८५, आणि सहा महिन्यांचा फॉरवर्ड विचारला तर बँक सांगते ८५ रुपये ८३ पैसे. लगेच निष्कर्ष निघतो की बँकेला माहीत आहे, रुपया ८३ पैशांनी पडणार. बँकेला यातलं काही माहीत नसतं. ते ८३ पैसे व्याजाच्या फरकातून आलेले असतात.

कसे ते बघू. समजा रुपयावर वर्षाला साडेसहा टक्के व्याज आहे आणि डॉलरवर साडेचार. तुमच्याकडून सहा महिन्यांनी १ डॉलर घ्यायचं बँकेने कबूल केलं. तिला स्वतःला जोखीम नको आहे. म्हणून ती आजच ९७.८ सेंट कर्जाऊ घेते. सहा महिन्यांचं सव्वादोन टक्के व्याज धरून त्याचा बरोबर १ डॉलर होतो, आणि तो तुम्ही आणून देणारच आहात. ते ९७.८ सेंट ती आज ८५ च्या दराने विकते, ८३ रुपये १३ पैसे येतात. ते सहा महिने सव्वातीन टक्क्यांनी गुंतवते. होतात ८५ रुपये ८३ पैसे. तेच ती तुम्हाला देऊ करते, त्यातून स्वतःचं थोडं कापून घेऊन. प्रत्यक्ष बाजारात हे टप्पे इतके सुटे दिसत नाहीत, पण दर ठरतो तो याच तर्काने.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी, की भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त आहेत तोवर निर्यातदाराला फॉरवर्डमध्ये आजच्या दरापेक्षा थोडं जास्त मिळतं आणि आयातदाराला थोडं जास्त द्यावं लागतं. याला फॉरवर्ड प्रीमियम म्हणतात. निर्यातदाराच्या दृष्टीने कव्हर घेतल्याबद्दल उलट पैसे मिळतात, तरी कव्हर न घेणारे निर्यातदार भेटतातच. आयातदाराची गोष्ट वेगळी. त्याला प्रीमियम भरावा लागतो, तो खर्च डोळ्यांसमोर दिसतो, आणि 'आत्ता नको, बघू' म्हणून तो थांबतो.

थांबण्याचा परिणाम २०१३ मध्ये दिसला. त्या वर्षी २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याची शक्यता बोलून दाखवली. जगभरातून पैसा अमेरिकेकडे परत वळू लागला. मेच्या सुरुवातीला ५४ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपये ८० पैशांच्या वर गेला. चार महिने 'खाली येईल, मग घेऊ' म्हणत बसलेल्या आयातदारांनी अखेर घाबरून त्या शेवटच्या आठवड्यात डॉलर घेतले, आणि सप्टेंबर संपता संपता तो पुन्हा ६२-६३ वर आला. दोन्हीकडून मार. याला मी दुर्दैव म्हणणार नाही. आधी काही ठरवलेलं नसलं की निर्णय भीती घेते, आणि भीती सगळ्यात जास्त असते तेव्हाच भाव सगळ्यात वाईट असतो.

फॉरवर्डची एक बाजू बँकेतला माणूस घाईत सांगत नाही. तो करार बंधनकारक असतो. गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली, माल परत आला, पैसे अडकले, काहीही झालं तरी ठरल्या तारखेला डॉलर द्यायची जबाबदारी तुमची. नसतील तर करार त्या दिवशीच्या दराने रद्द होतो आणि फरक तुमच्या खात्यात पडतो. डॉलर वर गेलेला असेल तर तो फरक नुकसानीचा. पैसे यायला महिनाभर उशीर झाला तर करार पुढे ढकलता येतो, पण त्यातही जुना करार त्या दिवशीच्या दराने मिटवून नवा लिहिला जातो. म्हणून पक्की ऑर्डर हातात नसताना पूर्ण रकमेचं फॉरवर्ड बुक करणं म्हणजे जोखीम काढायला जाऊन नवी जोखीम घेणं.

अशा अर्धवट पक्क्या व्यवहारांसाठी ऑप्शन असतं. विम्यासारखा हप्ता आधी भरायचा; मग ठरलेल्या दराने डॉलर विकण्याचा हक्क तुमचा, सक्ती नाही. डॉलर पडला तर हक्क वापरा, चढला तर सोडून द्या आणि बाजारभावाने विका. अडचण एकच, हप्ता बऱ्यापैकी महाग असतो. आणि या महागड्या हप्त्यापायीच आपल्याकडच्या व्यापाराच्या इतिहासातलं एक वाईट प्रकरण घडलं.

'प्रीमियम शून्य'ची किंमत

२००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या आसपास होता, वर्ष संपेपर्यंत तो ३९-४० वर आला. निर्यातदार हवालदिल झाले. त्यांच्याकडे काही बँकांचे लोक नवी योजना घेऊन जाऊ लागले: हप्ता शून्य, उलट तुम्हालाच थोडे पैसे. त्या करारांत बहुतेकदा रुपयाचा संबंधही नसायचा. डॉलर आणि स्विस फ्रँक, डॉलर आणि येन असल्या जोड्या असायच्या. साधारण मांडणी अशी: अमुक मुदतीत डॉलर-फ्रँकचा दर अमुक पातळीला शिवला नाही, तर तुम्हाला ठरलेली रक्कम मिळेल, शिवला, तर ठरल्या भावाने मोठा व्यवहार करायची जबाबदारी तुमची. ती पातळी वर्षानुवर्षं कोणी पाहिलेली नसायची, त्यामुळे सही करणाऱ्याला ते फुकटचे पैसे वाटायचे.

मार्च २००८ मध्ये डॉलर इतिहासात पहिल्यांदा १ फ्रँकच्या खाली गेला.

होझियरी किंवा ऑटो पार्ट बनवणाऱ्या माणसाचा स्विस फ्रँकशी काय संबंध, हा प्रश्न सही करताना विचारायचा होता. हप्ता न भरता मिळणारं ऑप्शन याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी टोकाला स्वतःच ऑप्शन विकलेलं असतं. दुसऱ्याची जोखीम अंगावर घेऊन त्याच्या मोबदल्यात आपला हप्ता फेडलेला असतो. लहान-मध्यम कंपन्यांवर वर्षाच्या नफ्याच्या कितीतरी पट बोजा आला. प्रकरणं न्यायालयांत गेली. कंपन्या म्हणाल्या आम्हाला समजावून सांगितलं नाही, बँका म्हणाल्या सही तुमची आहे. रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले आणि एप्रिल २०११ मध्ये १९ बँकांना दंड केला, ५ ते १५ लाख रुपयांचा. बुडालेल्या रकमांसमोर हा आकडा ठेवून पाहा, मग त्या दंडाबद्दल वेगळं बोलायची गरज उरत नाही.

आजही नियमात बसणाऱ्या बिनहप्त्याच्या सरळ योजना मिळतात आणि सगळ्याच वाईट नसतात. उदाहरणार्थ, ८४ च्या खाली दर गेला तर मला ८४ मिळावेत, आणि ८८ च्या वर गेला तर वरचं बँकेने घ्यावं. यात काय सोडलं ते स्पष्ट दिसतं. माझ्यापुरती मी एक कसोटी धरतो: सगळ्यात वाईट स्थितीत किती रुपये द्यावे लागतील हे योजना विकणाऱ्याला एका कागदावर मांडता आलं नाही, तर सही नाही.

बँकेशिवायही जोखीम कमी होते

डॉलरमध्ये कमाई असेल तर खर्चाचा काही भाग डॉलरमध्येच ठेवणं, हा सर्वांत जुना उपाय. आपला भोसरीचा कारखाना २५ हजार डॉलरचं मिश्रधातू आयात करत असेल तर दराच्या जोखमीला खरी उघडी रक्कम ७५ हजारच आहे. निर्यातदाराला ईईएफसी या परकीय चलनाच्या खात्यात डॉलर ठेवता येतात आणि त्यातून आयातीचं बिल भागवता येतं. डॉलर रुपयांत आणि पुन्हा रुपये डॉलरमध्ये करताना दोन्ही वेळा बँक जे कापून घेते ते वाचतं. मात्र या खात्यावर व्याज नाही आणि डॉलर चढण्याची वाट बघत पैसे तिथे कायम पाडून ठेवता येत नाहीत.

दुसरा रस्ता पीसीएफसीचा, म्हणजे माल बनवण्यासाठीचं पॅकिंग क्रेडिट रुपयांऐवजी परकीय चलनात उचलायचं. डॉलर कर्जाऊ घेतले, आजच्या दराने रुपये करून कारखान्यात वापरले, गिऱ्हाइकाचे डॉलर आले की त्यातूनच कर्ज फेडलं. मधल्या काळात दर कुठेही जावो. नीट पाहिलं तर फॉरवर्डचा दर काढताना बँकेने जे केलं तेच इथे तुम्ही स्वतः करता आहात.

कमाई एका चलनात आणि कर्ज दुसऱ्यात असलं की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. फ्रेडी लेकर यांनी १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्क स्वस्त विमानसेवा सुरू केली. प्रवाशांत ब्रिटिश जास्त, त्यामुळे तिकिटांचा मोठा भाग पौंडात. विमानं घेतली डीसी-१०, कर्ज काढून, आणि ते कर्ज डॉलरमध्ये. १९८० च्या अखेरीस २ डॉलर ४० सेंटच्या आसपास असलेला पौंड पुढच्या वर्षभरात कोसळला. तेवढाच डॉलरचा हप्ता भरायला जास्त पौंड लागू लागले, आणि ब्रिटिश प्रवाशांना अमेरिकेची सहल महाग झाली ती वेगळीच. मोठ्या विमान कंपन्यांनी भाडी पाडून कोंडी केली हेही खरं. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बंद पडली. आपल्याकडे परदेशी कर्जाचं व्याज कमी दिसतं म्हणून ते घ्यायला निघालेल्या आणि सगळी विक्री रुपयांतच असलेल्या उद्योजकाने लेकरची गोष्ट जरूर वाचावी. कव्हरचा खर्च मिळवला की ते स्वस्त व्याज बहुतेकदा देशी व्याजाच्या जवळ येऊन बसतं.

'मी बिलच रुपयांत करतो' असंही काहीजण सांगतात. जुलै २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रुपयांत परदेशी व्यापार करण्याची वेगळी व्यवस्थाही केली आहे. तिथे जोखीम नाहीशी होत नाही, समोरच्याकडे जाते, आणि तो ती भावात वसूल करतो.

आयातही नाही, निर्यातही नाही, तरी

भिवंडी-वसईकडे बादल्या, डबे बनवणारा प्लास्टिकवाला आपला कच्चा माल, म्हणजे प्लास्टिकचा दाणा, देशी कंपनीकडून रुपयांत घेतो, माल नागपूर-सोलापूरला रुपयांत विकतो. परकीय चलनाशी आपला संबंध नाही असं त्याला वाटतं. पण देशी दाण्याचा भाव आयातीच्या भावाला बांधलेला असतो. डॉलर चढला की महिन्याभरात दाणा महागतो. तांब्याची वायर करणाऱ्याचं तेच, खाद्यतेलाच्या व्यापाऱ्याचं तेच. यांच्याकडे परदेशी बिलच नसल्यामुळे फॉरवर्ड घेणंही सोपं नसतं. त्यांचं संरक्षण विक्रीच्या करारात असतं: भावाची मुदत छोटी ठेवणं, कच्चा माल अमुक टक्क्यांनी महागला तर भाव बदलेल असं कलम घालणं. वर्षभराचा ठोक दर लिहून देणारा पुरवठादार डॉलरवर पैज लावतो आहे, फक्त त्याला ते माहीत नसतं.

याहून लांबचा फटका गोव्याने पाहिला. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले, रशियावर निर्बंध आले आणि रूबल गडगडला. वर्षाच्या मध्यात ३५ रूबलच्या आत असलेला डॉलर १६ डिसेंबरला काही काळ ८० रूबलपर्यंत गेला. मोरजी-मांद्रे भागातल्या शॅकवाल्यांचा आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांचा हंगाम रशियन चार्टर विमानांवर चालायचा. त्या हंगामात ती विमानं कमी झाली. शॅकवाल्याचं बिल रुपयांत, मासळी रुपयांत, पगार रुपयांत. रुपया-डॉलरचा दर रोज बघूनही त्याला काही कळलं नसतं, कारण हललं होतं ते गिऱ्हाइकाच्या खिशातलं चलन. असल्या जोखमीवर बँकेचं कुठलंच कव्हर नाही. दोन-तीन देशांतून गिऱ्हाईक असणं, एवढाच आधार.

(परदेशात उपकंपनी असलेल्या मोठ्या उद्योगांना ताळेबंद रुपयांत मांडताना आकडे वरखाली होण्याची डोकेदुखीही असते. लहान धंद्याला तिची काळजी करायचं कारण नाही.)

कागद काढा, मग फोन करा

सुरुवात साध्या वहीने होते. पुढच्या सहा महिन्यांचे रकाने, दर महिन्यात येणारे डॉलर, जाणारे डॉलर, उरलेली रक्कम, आणि त्यापुढे कोटेशन देताना धरलेला दर. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फॉरवर्ड त्या दराहून वर मिळत असेल तर ठरवलेला नफा पक्का करता येतो. किती करायचा हे ज्याच्या-त्याच्या मार्जिनवर. माझं मत, मार्जिन पातळ असेल तर पक्क्या ऑर्डरींचा मोठा भाग लगेच झाकावा. जाड असेल तर निम्मा झाकून बाकीचा उघडा ठेवायला हरकत नाही. पण हे प्रमाण दर शांत असताना लिहून ठेवावं आणि टीव्हीवरची बातमी बघून बदलू नये. वर्षअखेरीला कोणीतरी म्हणतंच, 'कव्हर नसतं घेतलं तर चार लाख जास्त मिळाले असते.' त्याला विचारायचं, कोटेशनमधला नफा आला का? आला असेल तर कव्हरने काम केलं.

मग बँकेला फोन. टीव्हीवर दिसणारा दर बँकांचा आपसातला. तुम्हाला मिळणारा वेगळा. मधलं अंतर किती पैसे, हे थेट विचारायचं. १ लाख डॉलरवर ५० पैसे म्हणजे ५० हजार रुपये, आणि बऱ्याच लहान निर्यातदारांनी हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला आहे. आपल्या बँकेमार्फत नोंदणी केली की तिथे बाजाराच्या दराजवळ डॉलर घेता-विकता येतात आणि बँकेचं शुल्क आधीच ठरलेलं असतं. शेअर बाजारातले चलनाचे फ्युचर्सही (फॉरवर्डसारखेच, पण बाजारात घेता-विकता येणारे करार) आहेत, १ हजार डॉलरच्या लॉटमध्ये. पण मे २०२४ पासून त्यासाठी मागे खरा व्यवहार असावा लागतो, नुसत्या अंदाजावर सौदा करता येत नाही. बँकेशी बोलताना एफएक्स-रिटेलचा त्या क्षणाचा दर समोर उघडा ठेवा. पहिल्यांदा सांगितलेला दर आणि त्यानंतर सांगितलेला दर यांत बहुधा फरक पडतो.